प्रवेश परीक्षांचे दडपण : कोकणातून विचारले जाणारे प्रश्न आणि देशोदेशींचे अनुभव

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचे पालक मार्गदर्शनासाठी येतात तेव्हा नीट, जेईई आणि सीईटीविषयी बरेचसे प्रश्न तेच असतात. अलीकडे मात्र चीन-कोरियातील परीक्षांच्या चित्रफिती पाहून पडलेल्या शंकांचीही त्यांत भर पडली आहे. या सर्वांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. परीक्षांचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

बारावीच्या निकालात कोकण दरवर्षी राज्यात पहिले असते. मग प्रवेश परीक्षा जवळ आली की आमच्याच मुलांचा धीर का सुटतो?

कारण बोर्डाची परीक्षा आणि प्रवेश परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. २०२५ च्या बारावीच्या निकालात कोकण विभागाची उत्तीर्णांची टक्केवारी ९६.७४ होती आणि तो नऊ विभागांत पहिला होता. त्याच निकालात सर्वांत शेवटी होता तो लातूर विभाग, ८९.४६ टक्के. ज्या लातूरला आपण मुले नीटच्या तयारीसाठी पाठवतो, ते हेच लातूर. उत्तीर्णांची टक्केवारी आपल्याला एवढेच सांगते की इथल्या शाळा फारसे कोणाला मागे राहू देत नाहीत. ही लहान गोष्ट नाही. वाडीवस्तीवरून चालत येणाऱ्या मुलालाही उत्तीर्ण करून बाहेर काढणारे शिक्षक त्या आकड्यामागे आहेत. प्रवेश परीक्षा मात्र कोण उत्तीर्ण झाले हे विचारतच नाही. ती सगळ्यांना एका रांगेत उभे करते आणि जागा संपल्या की रांग तोडते. अभियांत्रिकीच्या राज्यस्तरीय प्रवेशात बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात, क्रम लागतो तो सीईटीवर. शाळेत कायम पहिल्या पाचांत असलेल्या मुलीला आपण रांगेत कितवे आहोत हे आयुष्यात प्रथमच कळते, आणि तेही फेब्रुवारी-मार्चमधील बोर्डाच्या परीक्षेनंतर काही आठवड्यांतच. तिचा धीर सुटला तर त्यात तिची काही चूक नाही.

पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारीच ना?

नाही. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरापैकी नव्वद गुण मिळाले असे नव्हे, तर परीक्षेला बसलेल्यांपैकी नव्वद टक्के विद्यार्थ्यांचे गुण तुमच्याइतके किंवा त्याहून कमी आहेत. दीड-दोन लाख विद्यार्थी असतील तर ९० पर्सेंटाइलच्या पुढेही पंधरा-वीस हजार जण उभे असतात. शेजारीपाजारी पेढे वाटण्यापूर्वी आणि मुलाला बोल लावण्यापूर्वीही हा हिशेब घरातल्या सर्वांनी समजून घ्यावा.

जगातील सर्वांत अवघड प्रवेश परीक्षा कोणती?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालक विचारतो, आणि उत्तर म्हणून चीनची गावकाओ, कोरियाची सुनंग किंवा आपली जेईई ॲडव्हान्स्ड यांपैकी एखादे नाव ऐकण्याची अपेक्षा असते. मात्र प्रश्नपत्रिका किती अवघड आहे यावरून दडपणाचा अंदाज येत नाही. परीक्षा बिघडली तर पुढे किती वाटा उरतात आणि त्या वाटांना समाजात किती मान आहे, यावर दडपण ठरते. चीनचे उदाहरण घेऊ.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात १९६६ मध्ये तिथली प्रवेश परीक्षा बंद पडली आणि १९७७ च्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली. त्या वेळी सुमारे ५७ लाख जण परीक्षेला बसले आणि त्यांतील जेमतेम पावणेतीन लाखांना प्रवेश मिळाला. शेतावर आणि कारखान्यांत दहा वर्षे काढलेले तरुण आणि नुकतीच शाळा संपवलेली मुले एकाच वर्गात बसून पेपर लिहीत होती. आज परीक्षार्थींची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे. २०२४ मध्ये ती १ कोटी ३४ लाखांच्या घरात होती. पण मधल्या काळात महाविद्यालयेही इतकी वाढली की बहुतेकांना कुठे ना कुठे प्रवेश मिळतो. तरीही ७ जूनला सुरू होणाऱ्या त्या परीक्षेचा धसका कमी झालेला नाही. अन्हुई प्रांतातील माओतानचांग या गावाचा सगळा व्यवहारच परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका प्रचंड शाळेभोवती फिरतो. मुलाला स्वयंपाक करून घालण्यासाठी आई नोकरी सोडून तिथे भाड्याच्या खोलीत राहते. जागा वाढल्या तेव्हा धडपड प्रवेशासाठी उरली नाही, ती नावाजलेल्या विद्यापीठांसाठी सुरू झाली आणि बाकीच्या जागा लोकांच्या नजरेतून उतरल्या. महाराष्ट्रातही दरवर्षी अभियांत्रिकीच्या जागा रिकाम्या राहतात आणि त्याच वर्षी घराघरांत रात्रभर दिवे जळतात, ते याच कारणाने.

कोरियात परीक्षेच्या दिवशी विमाने थांबवतात, हे खरे आहे का?

खरे आहे. दक्षिण कोरियात नोव्हेंबरमधील एका गुरुवारी ही परीक्षा होते. इंग्रजीच्या पेपरात ध्वनिमुद्रित संवाद ऐकून उत्तरे लिहायची असतात, तेवढा सुमारे ३५ मिनिटांचा वेळ देशभरात विमानांचे उड्डाण आणि उतरणे थांबवले जाते. सकाळी रस्त्यांवर गर्दी होऊ नये म्हणून कार्यालये आणि शेअर बाजार तासभर उशिरा उघडतात, आणि उशीर झालेल्या मुलांना पोलीस आपल्या गाडीतून केंद्रावर नेऊन सोडतात. आया मंदिरांत आणि चर्चमध्ये प्रार्थनेला बसतात. काही जणी त्याआधी शंभर दिवस नेमाने प्रार्थना करतात. परीक्षार्थींना चिकट तांदळाची मिठाई भेट देतात, म्हणजे विद्यार्थी विद्यापीठाला चिकटून राहील, आणि निसरडे म्हणून समुद्री शेवाळाचे सूप त्या दिवशी टाळतात.

हे वाचून कोकणातील माणसाला परके वाटणार नाही. आपल्याकडेही नीटच्या आदल्या दिवशी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले जाते, नारळ ठेवला जातो, आणि मुंबईतील चाकरमानी काका फोन करून देवळात जाऊन येण्याची आठवण करून देतात. त्या गाऱ्हाण्याने मुलांना बळ मिळते, हे मी पाहिले आहे. मात्र गाऱ्हाण्याचे शब्द मुलाच्या कानावर पडतात, याचे भान ठेवावे. 'लेकराला सुखरूप ने, सुखरूप आण' असे म्हटलेले ऐकून मूल निर्धास्त होते. 'डॉक्टर करून दे, पाच वर्षे वाडीजेवण घालीन' असा नवस ऐकला की त्या वाडीजेवणाचे ओझेही ते परीक्षेच्या खोलीत घेऊन जाते.

कोरियाच्या कौतुकाला एक दुसरी बाजूही आहे. संपूर्ण देश एका मुलासाठी थांबतो, तेव्हा आजचा दिवस हुकला तर सारे हुकले, असाच अर्थ त्या मुलापर्यंत पोहोचतो. तिथल्या सरकारलाही हे जाणवते. खासगी शिकवण्यांशिवाय सुटणार नाहीत असे अतिकठीण प्रश्न परीक्षेतून काढून टाकण्याचा निर्णय त्यांनी २०२३ मध्ये घेतला. त्याआधी १९८० मध्ये खासगी शिकवण्यांवर सरसकट बंदी घातली होती, ती २००० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने रद्द ठरवली. सोलमध्ये आजही शिकवण्या रात्री दहाला बंद कराव्या लागतात. चीननेही २०२१ मध्ये नववीपर्यंतच्या शालेय विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी आणली, आणि त्यानंतर अनेक शिकवण्या चोरून व अधिक महाग दराने चालू लागल्या. मागणी तशीच ठेवून दुकान बंद केल्याने फारसे काही साधत नाही.

परीक्षेच्या दिवशी दरड कोसळली किंवा पुरामुळे केंद्रावर पोहोचता आले नाही, तर?

ही भीती अनाठायी नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा जेईई मेनचे सत्र चालू होते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, कोल्हापूर, सांगली, सातारा आणि पालघर येथील जे विद्यार्थी २५ आणि २७ जुलैच्या पेपरांना पोहोचू शकणार नाहीत, त्यांना पुन्हा संधी देण्याची सूचना केंद्रीय शिक्षणमंत्र्यांनी परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला केली आणि ती संधी दिली गेली. कोरियातील पोहांग येथे १५ नोव्हेंबर २०१७ रोजी, म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी, भूकंप झाला तेव्हा संपूर्ण देशाची परीक्षा एक आठवडा पुढे ढकलण्यात आली होती. व्यवस्थेला लवचीक होता येते, ही दोन्ही घटनांतून शिकण्यासारखी गोष्ट आहे.

असा प्रसंग ओढवल्यास परीक्षेच्या अधिकृत पत्त्यावर त्याच दिवशी मेल करावा, प्रवेशपत्राची प्रत जोडावी आणि तहसील कार्यालयाकडून रस्ता बंद असल्याचा दाखला मिळत असेल तर तो घ्यावा. शक्य असेल तेव्हा केंद्राच्या गावी आदल्या दिवशी मुक्कामाला जाणे हाच उत्तम उपाय आहे.

ज्या देशांत इतके दडपण नाही, तिथे प्रवेश कसे दिले जातात?

दडपण अजिबात नाही असा देश दाखवता येणार नाही. वैद्यकीय शाखेसाठी जवळपास सगळीकडेच चुरस असते. पण त्याची धार कमी करण्याचे मार्ग निरनिराळ्या देशांनी शोधले आहेत. फिनलंडमधील शालान्त परीक्षा १८५२ पासून चालू आहे. ती वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात होते आणि विद्यार्थ्याला विषय वेगवेगळ्या वेळांत विभागून देता येतात. २०२० पासून तिथल्या विद्यापीठांतील बहुसंख्य जागा या परीक्षेच्या गुणपत्रिकेवरच भरल्या जातात, त्यामुळे वेगळ्या प्रवेश परीक्षेचा भार हलका झाला. शिवाय व्यावसायिक शिक्षणाची वाट धरलेल्यालाही पुढे पदवीकडे वळता येते. जर्मनीत शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला अनेक शाखांत चुरशीशिवाय प्रवेश मिळतो आणि कारखान्यात काम करत करत शिकण्याच्या पद्धतीला तिथे कोणी कमी लेखत नाही. अमेरिकेत एसएटी ही परीक्षा कितीही वेळा देता येते. तिथे शाळेतील चार वर्षांची कामगिरी, निबंध आणि इतर उपक्रमही पाहिले जातात, त्यामुळे एका दिवसाचे दडपण चार वर्षांवर पसरते. ते नाहीसे होते असे मात्र समजू नये, आणि ज्या घरात पैसा आहे त्या मुलाला तिथेही अधिक फायदा होतो.

गावातील मुलांना शहरातील मुलांबरोबर एकाच मापाने मोजणे न्यायाचे आहे का?

माझ्या मते नाही, आणि अनेक देशांनी हे मान्य करून कायदे केले आहेत. श्रीलंकेत विद्यापीठांच्या बऱ्याचशा शाखांतील सुमारे ४० टक्के जागा देशभरच्या गुणवत्तेवर, ५५ टक्के जिल्ह्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात आणि ५ टक्के मागास जिल्ह्यांसाठी ठेवल्या जातात. अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९९७ मध्ये केलेल्या कायद्यानुसार राज्यातील प्रत्येक शाळेतील वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेशाचा हक्क मिळाला, मग ती शाळा ह्यूस्टनच्या श्रीमंत वस्तीतील असो की सीमेलगतच्या खेड्यातील. ब्राझीलने २०१२ मध्ये संघराज्याच्या विद्यापीठांतील निम्म्या जागा सरकारी शाळांत शिकलेल्यांसाठी राखल्या. आपल्याकडे तमिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळांतून आलेल्या आणि नीट उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा वेगळ्या काढल्या.

महाराष्ट्रात अशा उपायाची चर्चा व्हायला हवी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या, पाणी भरून आणि गुरे सोडून अभ्यासाला बसणाऱ्या मुलाने मिळवलेले गुण आणि सहावीपासून क्लासला जाणाऱ्या मुलाने मिळवलेले गुण यांचा आकडा एक असला तरी त्यामागची मेहनत एक नसते.

गावातील मुलाला संगणकावरची परीक्षा जमेल का?

जमते, पण सराव लागतो, आणि सर्वांत कमी लक्ष याच गोष्टीकडे दिले जाते. राजापूर तालुक्यातील एखाद्या वाडीतील मुलीचा सीईटीचा दिवस डोळ्यांसमोर आणून पाहा. पहाटेची मुक्कामाची एस.टी. पकडायची म्हणून ती चारला उठते. वडील बॅटरी घेऊन पाणंदीतून तिला थांब्यापर्यंत सोडतात. घाटातल्या वळणांनी मळमळते म्हणून ती काही खात नाही. केंद्रावर प्रवेशपत्र आणि ओळखपत्र तपासून होते, आणि मग ती ज्या पडद्यासमोर बसते तो तिच्या मोबाइलच्या पडद्यापेक्षा दसपट मोठा असतो. तिने आजवर सगळे सराव प्रश्न मोबाइलवर बोटाने सोडवलेले असतात. माउसचे चाक फिरवताना प्रश्न वर-खाली सरकतो, निवडलेले उत्तर जतन झाले की नाही हे कळत नाही, आणि पहिली दहा मिनिटे भौतिकशास्त्राऐवजी त्या यंत्राशी झटापट करण्यात जातात.

यावर उपाय अगदी साधा आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात किमान चार-पाच पूर्ण सराव परीक्षा द्याव्यात. सीईटीत एकूण १८० मिनिटे असतात आणि ती ९०-९० मिनिटांच्या दोन भागांत विभागलेली असतात. पहिल्या भागात भौतिक व रसायनशास्त्र, दुसऱ्यात गणित किंवा जीवशास्त्र. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. नीटमध्ये याच्या उलट आहे: बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकल्यास एक जातो, त्यामुळे तिथे अंदाजाने खुणा करणे महागात पडते. ही सवय दोन्ही परीक्षांत न मिसळणे हेही सरावानेच साधते.

दहावीनंतर मुलाला लातूरला किंवा कोटाला पाठवावे का?

मुलाला स्वतःला जायचे असेल, दहावीतील विज्ञान-गणिताचा पाया पक्का असेल आणि कर्ज न काढता खर्च झेपत असेल, तर विचार करावा. यांपैकी एक जरी अट पुरी होत नसेल तरी पाठवू नये. सोळाव्या वर्षी घरापासून शेकडो किलोमीटर दूर वसतिगृहात राहणारा मुलगा दर आठवड्याच्या चाचणीनंतर आपला क्रम भिंतीवर लागलेला पाहतो, आणि त्या वेळी त्याच्याशी दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलणारे कोणी जवळ नसते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये, गुणांची किंवा क्रमांकाची हमी देऊ नये, आणि विद्यार्थ्याने मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क परत करावे असे म्हटले आहे. शुल्क भरताना ही परतीची अट लेखी मागून घ्यावी. पैसे अडकले आहेत म्हणून मुलाला तिथेच ठेवणे, हा सर्वांत वाईट निर्णय असतो.

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी का?

जपानमध्ये असे थांबलेल्या विद्यार्थ्यांना जुन्या काळच्या धन्याविना भटकणाऱ्या सामुराईंवरून 'रोनिन' म्हणतात. चीन आणि कोरियातही दरवर्षी असे विद्यार्थी मोठ्या संख्येने बसतात. आपल्याकडे नीट कितीही वेळा देता येते, जेईई ॲडव्हान्स्ड मात्र लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच. पहिल्या वेळी आजारपण, घरातील मृत्यू किंवा अपुरा राहिलेला अभ्यासक्रम असे ठोस कारण असेल तर एक वर्ष थांबण्यात गैर काही नाही. कारण सांगता येत नसेल तर दुसऱ्या वर्षाचा निकाल पहिल्याच्या आसपासच राहण्याची शक्यता अधिक असते. थांबायचेच असेल, तर एखाद्या पदवीला नाव घालून थांबावे, आणि तिसऱ्या वर्षाचा विषय घरात निघणार नाही हे आधीच ठरवावे.

नीट टाळून परदेशात एमबीबीएसला जाता येईल का?

नाही. परदेशात वैद्यकीय शिक्षण घेऊन भारतात परतायचे असेल तर नीट उत्तीर्ण असणे बंधनकारक आहे, आणि परत आल्यावर परवान्यासाठी आणखी एक परीक्षा द्यावी लागते. एजंटाने काहीही सांगितले तरी हा नियम लक्षात ठेवावा.

मूल दडपणाखाली आहे हे कसे ओळखावे आणि काय करावे?

झोप उडणे किंवा दिवसभर झोपणे, जेवण टाळणे, मित्रांचे फोन न घेणे, चाचणीचे गुण लपवणे, वारंवार पोट किंवा डोके दुखणे, आणि 'माझा काही उपयोग नाही' अशा अर्थाचे बोलणे, यांपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक दिसले तर वाट पाहू नये. अभ्यास बाजूला ठेवायला सांगून आधी ऐकून घ्यावे. जगण्यात अर्थ नाही असे मूल बोलले तर ते नाटक आहे असे कदापि समजू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक विनामूल्य असून दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. गावात कोणी पाहील म्हणून जाणे टाळणारे पालक पुष्कळ भेटतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की ताप आल्यावर जितक्या सहज दवाखाना गाठता, तितक्याच सहज इथेही जावे.

डॉक्टर किंवा इंजिनिअर होता आले नाही, तर कोकणात राहून काय करता येते?

हा प्रश्न निकालानंतर विचारला जातो, आणि तो दहावीतच विचारला गेला पाहिजे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे आणि कृषी पदवीच्या प्रवेशासाठीही सीईटीचे गुण धरले जातात. आंबा, काजू आणि भातावर जिथे आयुष्यभराचे संशोधन चालते, ती संस्था आपल्या दारात असूनही अनेक बागायतदारांच्या मुलांच्या पसंतीक्रमात तिचे नाव नसते. याच विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. वैद्यकीय शिक्षणाची शासकीय महाविद्यालये आता सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांत झाली आहेत, त्यामुळे नर्सिंग आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञानासारख्या कामांसाठीही जिल्ह्यातच माणसे लागणार आहेत.

आणखी एक वाट पुष्कळांना माहीत नसते. दहावीनंतर रत्नागिरी किंवा मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका केली, तर तिच्या गुणांवर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो आणि त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही. पदविकेच्या प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालानंतर लवकरच सुरू होतात. अर्जासोबत लागणारे जातीचे, उत्पन्नाचे आणि अधिवासाचे दाखले तहसीलमधून मिळायला वेळ लागतो, म्हणून ते मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवावेत.